पाटावर बसलेली रायफल

ग्वाल्हेरला लोक किल्ला बघायला जातात, नाहीतर गाणं ऐकायला. मी गेले ती गोळ्या झाडायला, आणि किल्ला पाहिला तो टांग्यातून मान वाकडी करून. तेव्हा ज्यांना तिथल्या बुरुजांची आणि तळघरांची माहिती हवी असेल त्यांनी दुसरं काही वाचायला घ्यावं. मला सांगायचं आहे ते जयेंद्रगंजातल्या एका घराबद्दल आणि त्या घरानं माझ्यावर केलेल्या उपकाराबद्दल. तो उपकार झाला हे मला गाव सोडल्यावर कळलं.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी पुण्यात मुलींच्या शाळेत गणित शिकवते. काही वर्षांपूर्वी मुलींना रायफल शिकवायची टूम निघाली आणि सोबत एक शिक्षिका हवी असं ठरलं. बाकीच्या बायांनी गुडघे, डोकेदुखी, सासू अशी कारणं भराभर पुढे केली. मला वेळेवर एकही सुचलं नाही. पहिल्या दिवशी सतरंजीवर पालथी पडले आणि समोरच्या काळ्या ठिपक्याकडे बघता बघता घर, शाळा, तपासायच्या वह्या, सगळं डोक्यातून निघून गेलं. ती शांतता मला इतकी आवडली की मुली पुढच्या इयत्तेत गेल्या आणि मी तिथेच पडून राहिले. मग भावानं रायफल दिली, परवाना झाला, आणि 'जोगळेकरबाईंना नाद लागला' असं पेठेत झालं.

या नादाचं टोक म्हणजे दिल्लीची अखिल भारतीय स्पर्धा. तिथे उतरायचं तर आधी कुठल्या तरी मान्य स्पर्धेत ठराविक गुण मिळवावे लागतात. आदल्या वर्षी मी एका गुणानं हुकले. यंदाची शेवटची संधी होती ग्वाल्हेरची, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. जमलं तर तिथूनच परस्पर दिल्ली, नाही तर मुकाट्यानं पुणे आणि सहामाहीचे पेपर. आमच्या मुख्याध्यापिकाबाईंनी रजेच्या अर्जावर सही करताना चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, "या खेपेला नाही जमलं तर मात्र पुरे हं, इंदूताई." त्यांचं चुकत नव्हतं. मी स्वतःशी तेच ठरवलं होतं.

अष्टमी

स्टेशनावर मला घ्यायला एक उंच, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ उभे होते. खाकी कोट, डोक्याला फेटा, कोटावर मध्यभारताचा बिल्ला. माझ्या हातातली लांब पेटी बघून त्यांनी कडक सलाम ठोकला. तो मला होता की पेटीला, हे अजून ठरलेलं नाही.

"सुभेदार बाबूराव कदम. तुम्ही आमच्याकडे उतरायचं आहे. बाकी सगळे आदमी आहेत, त्यांची व्यवस्था धर्मशाळेत केलेली आहे. तुम्ही एकट्याच लेडीज, म्हणून घर."

टांग्यात बसल्या बसल्या त्यांनी स्वतःचा इतिहास सुरू केला आणि घर येईपर्यंत थांबले नाहीत. सुभेदारांना विनय म्हणून काही माहीत नव्हता, आणि त्यांची ती गोष्ट मला पहिल्यापासून आवडली. पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेले. हे स्वतः मिसरूड फुटायच्या आत संस्थानच्या पलटणीत भरती झाले आणि दोन वर्षांत दरबारच्या नेमबाजांच्या चमूत आले. "असं आहे की, बाई, गोळी तर कोणीही सोडतो. मी गोळी ठेवून येत होतो, जिथे ठेवायची तिथे." मोठमोठ्या छावण्यांमधून त्यांनी ढाली जिंकून आणल्या होत्या आणि गोऱ्या साहेबांनी त्यांच्याशी हात मिळवले होते. मग संस्थानं विलीन झाली, पलटणही विलीन झाली. सगळ्यांना रांगेत उभं केलं. ज्यांचं वय कमी आणि छाती रुंद ते नव्या फौजेत, बाकीचे घरी. सुभेदार घरी आले. पलटणीची रायफल जमा करताना त्यांनी तिला शेवटचं तेल केलं, आणि ती आता कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"पण नेम तर जमा नव्हता करायचा न!" ते हसले. पुढे ते रायफल क्लबाचे उस्ताद झाले आणि मध्यभारताच्या वतीनं खेळू लागले. आधी शिंद्यांचा सूर्य-नागाचा बिल्ला, मग हा. येत्या नोव्हेंबरात मध्यभारत हे राज्यच मोडणार होतं, भोपाळ राजधानी असलेला मोठा मध्यप्रदेश होणार होता, आणि तिसरा बिल्ला येणार होता. "नव्या बिल्ल्यावर कोण लागेल ते नवे लोक बघतील. ह्या बिल्ल्याची ही शेवटची मॅच."

"मग तुम्हीही आहातच की मॅचला," मी म्हटलं.

"यादीत नाव आहे," ते म्हणाले, आणि टांगेवाल्याला गल्ली दाखवू लागले.

घरी काकीसाहेबांनी, म्हणजे सुभेदारांच्या पत्नीनं, दारातच पायांवर पाणी घातलं. ग्वाल्हेरच्या मराठा घरांत सगळ्यांच्या नावामागे साहेब लागतो. तीन दिवसांत मी ताईसाहेब होऊन गेले आणि पुण्यात आल्यावर काही दिवस नुसतं 'इंदू' ऐकणं जड गेलं. त्यांची मुलगी कमळ कॉलेजात शिकणारी. ती एका वाक्यात मराठीतून निघून हिंदीत उतरत असे, आणि आपण कधी उतरलो ते तिला कळतही नसे.

"ताई, तुम्ही किती थकल्या असाल! सामान राहू द्या, पहले चाय पी लो न."

जेवायला वरण-भात आपला, पण भाजीत बडीशेप, आणि पोळीला सगळे रोटी म्हणत. मी पुणेकर पद्धतीनं "पुरे" म्हटलं की काकीसाहेब ते ऐकल्याचं दाखवत आणि वाढत. आमच्याकडे पाहुण्यानं "पुरे" म्हटलं की आम्ही लगेच विश्वास ठेवतो. इथे तसं केलं तर पाहुण्याचा अपमान होतो म्हणे.

खंडेनवमी

सकाळी सुभेदार स्पर्धेची तयारी बघायला चांदमारीवर गेले. तिकडे गोळीबाराच्या मैदानाला चांदमारी म्हणतात. दुपारी मी तिथे सरावाला जायचं होतं. तोवर कमळ मला बाजार दाखवायला घेऊन निघाली. गोरखीवरून, गर्दीतून वाट काढत आम्ही नई सडकेला आलो. एका दुकानाशी उभं राहून मंगोडे, म्हणजे मूगडाळीची भजी, खाल्ले. वर हिरवी चटणी अशी की डोळ्यांतून पाणी आलं. मी तीळगुळाची गजक मागितली तर हलवाई हसला. कमळ म्हणाली, "ती तर सर्दीत मिळते, ताई. तुम्ही थंडीत या, मी खिलवीन."

खाता खाता मी सहज विचारलं, "सुभेदारांची रायफल दिसली नाही घरात. क्लबात असते का?"

कमळचा हात थांबला. "त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही? रायफल गेली न, ताई. क्लबचं सगळं सामान भोपाळला चाललंय. पेट्या बांधून गेल्यासुद्धा. बाबांची रायफल क्लबचीच होती, घरी राहायची एवढंच. वो भी चली गयी."

"मग परवा खेळणार कशानं?"

"नाही खेळणार. दुसऱ्याची मागणार नाहीत ते. लोकांनी विचारलं, तर म्हणाले, उसन्या बंदुकीनं कदम खेळत नाही." मग ती म्हणाली, "आई सकाळपासून गप्प आहे. आज खंडेनवमी न. आमच्या घरात आजपर्यंत पूजेला बंदूक नाही असं कधी झालंच नाही. पणजोबांपासून."

आमच्या पुण्याच्या घरी खंडेनवमीला विळी, अडकित्ता आणि माझी भूमितीची पेटी पुजतात. शिपाईगड्यांच्या घरात या दिवसाला काय वजन असतं हे मला तोवर माहीत नव्हतं. मी उरलेले मंगोडे तसेच ठेवले.

घरी परतलो. देवघरासमोर पाट मांडलेला होता, भोवती रांगोळी. पाटावर एक जुनी तलवार, एक कट्यार, आणि दोन्हींच्या मधोमध, झेंडूच्या माळेत, हळदीकुंकवाची बोटं ओढलेली माझी रायफल.

काकीसाहेबांचा चेहरा उजळलेला होता. "ताईसाहेब, तुम्हाला न विचारता पेटी उघडली, माफ करा बरं. पण पाहुण्याचं शस्त्र घरात असून पूजेला नाही, असं कसं चालेल? आणि काय मळली होती हो! ते मागचं पितळी चाक तर काळं पडून गेलं होतं. मी चिंच लावून ते आणि त्याच्या बाजूचं, दोन्ही लखलखीत करून दिली. आत खडा अडकला होता बहुतेक, फिरवलं की कट कट वाजायचं. खूप फिरवलं, निघतच नव्हता."

वाचकांना ते चाक काय असतं हे सांगायला हवं, नाहीतर त्या चिंचेनं काय केलं होतं ते कळणार नाही. नेमबाजीच्या रायफलला मागच्या टोकाशी बारीक भोकाची साईट असते. त्या भोकातून पुढची कडी बघायची आणि कडीत समोरचा काळा ठिपका बसवायचा. साईटला चाकं असतात. एक कट वाजलं की गोळी केसभर सरकते. आपल्या डोळ्याला आणि गालाला जुळेल अशी ती चाकं बसली की त्याला झिरो म्हणतात. चष्म्याच्या नंबरासारखा तो ज्याचा त्याचा. माझा झिरो पक्का व्हायला दोन वर्षं लागली होती. काकीसाहेबांनी तो चिंचेनं धुऊन टाकला.

तेवढ्यात सुभेदार आले. त्यांनी पाटाकडे पाहिलं, मग लखलखणाऱ्या चाकाकडे, मग माझ्याकडे. त्यांना सगळं एका नजरेत कळलं. त्यांच्या स्वतःच्या रायफलची साईट ते पूजेआधी काढून डबीत ठेवत, म्हणून काकीसाहेबांनी असलं चाक जवळून कधी पाहिलंच नव्हतं. ते काही बोलणार तोच मी मान हलवली. त्या बाईच्या चेहऱ्यावरचा आनंद घालवायची माझी छाती नव्हती.

"छान झालं, काकीसाहेब," मी म्हटलं. "माझ्या रायफलला इतका मान कधी मिळाला नव्हता."

"मग दुपारी सरावाला मी पेटीत घालून..." असं मी म्हणते आहे तोच त्या म्हणाल्या, "आता? आता कशी उचलाल? पाटावर बसलेलं शस्त्र उद्या सीमोल्लंघनालाच उठतं."

सराव बुडाला. आणि दसऱ्याला चांदमारी बंद. म्हणजे थेट स्पर्धेच्या सकाळी, सुरुवातीला चाचणीच्या गोळ्या देतात तेवढ्यांत, मला दोन वर्षांचा झिरो परत शोधायचा होता. मी जेवायला बसले खरी, पण त्या दिवशी पुरणपोळीची चव मला सांगता येणार नाही. सुभेदार पानावरून उठताना हळूच म्हणाले, "फिकर नका करू, मास्तरीणबाई. मी आहे न."

दसरा

हा दिवस मी अस्वस्थपणात घालवणार असं ठरवून उठले होते, पण त्या घरानं तसं करू दिलं नाही. सकाळी बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलेबी. दुपारी शस्त्रं उठली. सुभेदारांनी रायफल दोन्ही हातांवर घेऊन माझ्या हातांत दिली, तेव्हा त्यांनी ती क्षणभर जास्तच धरून ठेवली. मग आम्ही सगळे गावाबाहेर शमीच्या झाडाशी गेलो. आमच्याकडे आपट्याची पानं, इकडे शमीची. माणसं मात्र तशीच एकमेकांच्या हातात सोनं देत होती.

पण बोलणं सगळं बदलीचं. अमक्याचं कार्यालय भोपाळला जाणार, तमका इंदूरला, कोणाच्या मुलीचं लग्न कुठून करायचं. एक पेन्शनर मला म्हणाले, "आम्ही कुठेच गेलो नाही, बाई. राज्यच आमच्या खालून दोनदा सरकलं." ते हसले, म्हणून मीही हसले.

सुभेदारांना जो तो विचारत होता, "उद्या येणार न, उस्ताद?" आणि ते मिशीवर हात फिरवत म्हणत होते, "बघू." काकीसाहेब तेवढ्यापुरत्या दुसरीकडे बघत.

एकादशी

चांदमारी एका टेकडीच्या पोटाशी. सकाळी गार, निवांत. महिलांच्या गटात आम्ही मोजक्याच. मी पालथी पडले, पट्टा दंडाला आवळला आणि भोकातून पाहिलं. माझ्या उजव्या हाताला सुभेदार दुर्बीण लावून बसले. चाचणीच्या गोळ्यांपुरतं कोणीही सांगायला चालतं. गुणांच्या गोळ्या सुरू झाल्या की तोंडाला कुलूप.

पहिली गोळी सोडली. समोरच्या ठिपक्याच्या पुठ्ठ्यावर तिचा पत्ताच नव्हता.

"मागं मातीत धूळ उडाली, उजवीकडे, वर," सुभेदार म्हणाले. "घाबरू नका. डावीकडे फिरवा. अजून. अजून थोडं. आता खाली."

दुसरी पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात लागली. तिसरी जरा आत. मधे वारा उठला तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं, टेकडीवरच्या गवताकडे बघत बसले आणि वारा पडल्यावर म्हणाले, "हां, आता." मी ज्या रायफलला दोन वर्षं ओळखत होते तिला ते दोन शब्दांत समजावून परत आणत होते. शेवटची चाचणीची गोळी बरोबर मधोमध बसली.

"थांबा," सुभेदार म्हणाले. काकीसाहेबांनी सकाळी देवीच्या कुंकवाची पुडी माझ्याकडे दिली होती. ती त्यांनी मागून घेतली, बोटावर बंदुकीच्या तेलाचा थेंब घेऊन त्यात चिमूटभर कुंकू कालवलं, आणि काडीनं दोन्ही चाकांवरून खालच्या धातूवर एकेक बारीक रेघ ओढली. "हा तुमचा झिरो. कोणी चाक फिरवलं तर रेघ तुटेल. दिल्लीपर्यंत हिला सांभाळा."

पुढचं मला नीट आठवत नाही. नेमबाजी चांगली होते तेव्हा ती आठवत नाहीच. घंटा झाली, पुठ्ठे आले, पंचांनी भिंग लावून मोजलं. कमळ धावत आली आणि दुरूनच ओरडली, "हो गया, ताई! हो गया!" गुण लागत होते त्यापेक्षा दोन जास्त होते. मी सतरंजीवरच बसून राहिले आणि चष्मा पुसत राहिले, तो कोरडा असूनही.

दुपारी काकीसाहेब जेवणाचा डबा घेऊन आल्या. आम्ही झाडाखाली बसलो होतो तेवढ्यात पुरुषांच्या गटाची नावं पुकारली जाऊ लागली. "मध्यभारत, सूबेदार बाबूराव कदम!" सुभेदार भाकरीचा तुकडा मोडत राहिले. दुसऱ्यांदा नाव आलं. आजूबाजूची माणसं बघायला लागली.

मी पेटी उघडली आणि रायफल त्यांच्यापुढे धरली.

"नाही, बाई," ते म्हणाले. "उसनी बंदूक मी घेत नाही. आणि हिचा झिरो तुमचा आहे. परवा तुमची दिल्ली आहे."

"चाकं फिरवा. दिल्लीला मी परत लावून घेईन." बोलले खरी, पण सकाळची ती पहिली गोळी आठवून माझी नजर कुंकवाच्या रेघांवर गेली होती. त्यांनी ते पाहिलं असणार.

तेव्हा काकीसाहेब बोलल्या. इतक्या दिवसांत त्यांनी नवऱ्याशी परक्यांसमोर एक वाक्य बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. "उसनी कशी म्हणता? आपल्या पाटावर बसली आहे ती. जी बंदूक आपल्या घरात पूजली ती आपल्या घरची. उठा. नाव घेऊन राहिले ते."

सुभेदार उठले. कोट झटकला, बिल्ला सरळ केला, आणि रायफल घेतली.

आता दुर्बिणीशी मी होते. त्यांची पहिली चाचणीची गोळी ठिपक्याच्या डावीकडे, खाली लागली. अर्थातच, डोळा वेगळा, गाल वेगळा. "फिरवा, सुभेदार," मी म्हटलं. "उजवीकडे आणि वर." त्यांनी हुंकार दिला. त्यांच्या फेट्याच्या आड मला त्यांचा हात दिसत नव्हता. दुसरी गोळी जवळ आली, तिसरी आत. म्हणजे चाक फिरवलं, असं मी मनाशी म्हटलं आणि खरं सांगते, एकदा दिल्लीची काळजी वाटली. मग मी ते विसरले, कारण समोर जे चाललं होतं तसं मी पूर्वी पाहिलं नव्हतं. प्रत्येक गोळीआधी ते फार वेळ घेत. इतका की पंच घड्याळ बघू लागले. पण गोळी सुटली की काळ्यातच. शेवटी शेवटी दोन जरा कडेला गेल्या, आणि त्यांनी मान हलवली.

ते दुसरे आले. पहिला आला इंदूरचा एक तरुण, आणि त्यानं ढाल घेण्याआधी सुभेदारांचे पाय धरले. सुभेदार त्याला म्हणाले, "आज माझी आँख जरा दुसरीकडे होती, नाही तर तुला मिळाली नसती." सगळे हसले. मला वाटलं, म्हातारा हरल्यावरही बढाई सोडत नाही. मग त्यांनी कोटावरचा बिल्ला काढला, रुमालात गुंडाळला आणि काकीसाहेबांच्या हातात दिला. सुभेदारांचा चेहरा भरून आलेला होता, आणि त्यात दुःखापेक्षा समाधान जास्त होतं.

स्टेशनावर काकीसाहेबांनी पुऱ्या, लसणाची चटणी आणि शंकरपाळ्यांची एवढी शिदोरी दिली की डब्यातल्या सगळ्यांना पुरली. कमळ म्हणाली, "गजक खायला यायचंय, याद आहे न?" सुभेदारांनी पुन्हा सलाम ठोकला. पेटी तेव्हा माझ्या पाठीमागे होती. म्हणजे तो मलाच होता.

दिल्ली

दिल्लीच्या मैदानावर सकाळी शस्त्रांची तपासणी असते. मी पेटी उघडली ती देवाचं नाव घेत. चाकं सुभेदारांच्या डोळ्याला फिरवलेली असणार, चाचणीच्या थोड्या गोळ्यांत ती परत आणायची, आणि या खेपेला शेजारी दुर्बीण घेऊन कोणी नाही.

कुंकवाची रेघ अखंड होती. दोन्ही चाकांवरची. चाकावरून खालच्या धातूवर, केसाइतकीही न सरकलेली.

मी चष्मा सारखा करून परत पाहिलं. सुभेदारांनी चाकाला हात लावला नव्हता. माझ्या झिरोनं त्यांची गोळी डावीकडे खाली जाते हे त्यांनी पहिल्या गोळीत पाहिलं, आणि मग प्रत्येक गोळीला त्यांनी ठिपका सोडून, उजवीकडे वर, कोऱ्या पांढऱ्या जागेवर नेम धरला. आयुष्यभर ज्या ठिपक्यावर डोळा ठेवला तो बाजूला ठेवून, जिथे काहीच नाही तिथे बघत. सुईच्या बाजूला बघून दोरा ओवून दाखवावा तसं. ह्या बिल्ल्याची शेवटची मॅच होती, आणि ती त्यांनी अशी खेळून दिली, की माझी दिल्ली बिघडू नये. 'माझी आँख जरा दुसरीकडे होती' ही बढाई नव्हती तर.

"ये लाल क्या लगा है?" तपासणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं आणि पुसायला फडकं पुढे केलं.

"राहू द्या," मी मराठीतच म्हटलं, आणि रायफल छातीशी धरली.

माझी पहिली गोळी मधोमध बसली. माझा नंबर पहिल्या दहांत लागला आणि मुख्याध्यापिकाबाईंनी शाळेत पेढे वाटले. 'पुरे हं' हे शब्द त्या आता विसरल्या आहेत. परतताना गाडी ग्वाल्हेरला थांबली तेव्हा उजाडत होतं. फलाटावर ओळखीचं कोणी नव्हतं. तरी मी दारात उभी राहिले आणि जयेंद्रगंज ज्या बाजूला असावं असं वाटलं तिकडे हात जोडले. डब्यातल्या एका बाईंनी विचारलं, "तिकडे देऊळ आहे का?" मी हो म्हटलं.

आता मध्यभारत नकाशावर नाही. सुभेदारांना तिसरा बिल्ला मिळाला की नाही हे मला अजून कळलेलं नाही. पण त्या घराच्या पाटावर बंदूक नाही असं पुन्हा होणार नाही. पुढच्या खंडेनवमीच्या रजेचा अर्ज मी आत्ताच देऊन ठेवला आहे. काकीसाहेबांना कळवलं आहे, की रायफल घेऊन अष्टमीलाच पोचते. चिंच भिजवून ठेवा. चाक हवं तेवढं घासा, तो खडा निघेपर्यंत फिरवा. परत लावून देणारा माणूस घरातच आहे.